नावापुढचा क्रूस

क्रूस पडला तो थेट काचेवर, बापाच्या छातीच्या बरोबर वर. नखाएवढा, सोनेरी कागदाचा. शवपेटीचं झाकण सात दिवस उघडं होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या साटीनच्या पट्टीवर घरच्यांची नावं सोनेरी अक्षरांत टोचलेली होती. पहिलं आईचं, प्रेझेन्तासियोन; त्याखाली इमर्सन; त्याखाली आरिस्तोन. मयताचं सामान पुरवणाऱ्या दुकानाचा माणूस सकाळी फुलं बदलायला आला होता. त्यानं तो क्रूस चिमटीत उचलला, स्टुलावर चढला आणि वरूनच विचारलं, "सर, हा कुणाच्या नावापुढचा? दोघा भावांतला गेलेला कोणता?" स्टूल धरून मयताचा मुलगा खाली उभा होता. प्रश्न साधा होता, दिवसाला चार घरांत विचारला जात असेल. "खालचा," तो म्हणाला. "आरिस्तोन?" "हो." "लहानपणीच का?" "सात महिन्यांचा असताना." "अरेरे," म्हणत त्या माणसानं टाचणी टोचली, मान मागे घेऊन क्रूस सरळ बसलाय ना ते पाहिलं, आणि उतरला. आरिस्तोन हे त्याचं स्वतःचं नाव होतं. आईच्या पोटातून बाहेर पडल्यापासून चौदाव्या वर्षापर्यंत तो त्याच नावानं जगला होता, त्याच नावानं मार खाल्ला होता, त्याच नावानं त्याला देवळात पहिला प्रसाद मिळाला होता. आणि त्या नावापुढे क्रूस नीट लागावा म्हणून त्यानं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

पट्टीवरची नावं आईनं सांगितली असणार. सात दिवस तो या पेटीशेजारी बसला, येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी आणि बिस्किटं दिली, पण मान वर करून झाकणाकडे काही पाहिलं नाही. पाहण्यासारखा बाप होता ना खाली. कोच तेओदुलो गुम्बान, गळ्यात शिट्टी, अंगात संघाचा पिवळा बनियन, ओठांवर दुकानवाल्यांनी दिलेला गुलाबी रंग. इलोइलोच्या या बरांगायमध्ये, म्हणजे वस्तीत, एवढा मोठा माणूस झाला नाही असं जो तो सांगत होता. पेटी ठेवली होती ती बरांगायच्या बास्केटबॉल कोर्टवर, पत्र्याखाली, उत्तरेकडच्या रिंगच्या बरोबर खाली. तीस वर्षं कोच ज्या जागी उभा राहून ओरडत आला तिथेच आता आडवा पडला होता. मागे त्याचा भला मोठा फलक, त्यावर त्याचा हसरा फोटो आणि खाली ओळ: आदर्श पती, आदर्श पिता, आपल्या मुलांचा कोच. आपल्या मुलांचा म्हणजे सगळ्यांच्या. खोटं त्यात काही नव्हतं. पोरांना ताप आला की हा माणूस स्वतःच्या घरची कोंबडी कापून त्यांच्या घरी रस्सा पोचवायचा. दारूचा थेंब नाही, जुगार नाही, बायकोवर कधी हात नाही. सात दिवसांत कुणाला एक वाईट आठवण सापडली नव्हती, आणि त्यालाही, खरं सांगायचं तर, एकच सापडत होती.

हाडांनी तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि कागदांनी त्रेचाळीस. आधी ते समुद्रापलीकडे नेग्रोसला राहायचे, उसाच्या मळ्यावर. तिथे त्याच्या पाठीवर दोन वर्षांनी एक भाऊ झाला, इमर्सन. बाप योगायोगानं त्या दिवशी तालुक्याला गेला होता म्हणून त्याचा जन्म नोंदवला गेला. सात महिन्यांनी तो पोटाच्या विकारानं गेला तेव्हा कुणी तालुक्याला गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या देवळामागे भिंतीतल्या कप्प्यात पुरला, संपलं. सरकारदरबारी इमर्सन जिवंतच राहिला, काही न खाता, काही न मागता. पुढे मळ्यावरचं काम सुटलं आणि ते इलोइलोला आले तेव्हा हा तेरा वर्षांचा होता. त्या भाड्याच्या कप्प्याची मुदतही संपली होती, म्हणून बापानं बाळाची हाडं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून बरोबर आणली. "पोराला एकटं कसं टाकायचं?" असं म्हणत बोटीवर तो डबा त्यानं सगळा वेळ मांडीवर धरला होता. हा माणूस असा होता. मोठा मुलगा त्याच बोटीत रेलिंगला धरून ओकत होता, त्याच्या पाठीवरून बापाचा दुसरा हात फिरत होता. एक हात डब्यावर, एक हात पाठीवर. ते दृश्य त्याला अजून आठवायचं आणि आठवलं की कुठल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरत होता याचाच घोळ व्हायचा.

पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात बरांगायला बारा वर्षांपर्यंतच्यांचा संघ काढायची हुक्की आली. त्या गटाला तिकडे डास गट म्हणतात; पोरं तेवढीच. कोचकडे नऊ पोरं होती आणि त्यातलं एकही चेंडू नीट पकडत नव्हतं. घरात मात्र चौदा वर्षांचा, अंगानं किरकोळ, उंचीनं बेताचा आणि हातानं विजेसारखा मुलगा होता. एका दुपारी बापानं ट्रंकेतून इमर्सनचा जन्मदाखला काढला, टेबलावर सपाट केला, वर मिठाची बरणी ठेवली. "एका मोसमापुरतं, तोतो," तो म्हणाला. तिकडे कुठल्याही पोराला तोतो म्हणतात, आपण बाळ्या म्हणू तसं; नव्या गावात त्याचं खरं नाव अजून कुणाच्या तोंडी बसलं नव्हतं. "एप्रिल संपला की तू पुन्हा तू." आई स्टोव्हपाशी उभी होती. दाखल्यावरून तिनं एकदा बोट फिरवलं आणि हात एप्रनला पुसला.

मग सामन्यांच्या दिवशीचा तो नेम सुरू झाला. पहाटे बाप त्याला मोरीपाशी बसवायचा, वरच्या ओठाला साबण लावायचा आणि स्वतःच्या वस्तऱ्यानं ती जेमतेम फुटलेली मिसरूड काढायचा. "हलू नकोस, तोतो. ताताय आहे ना." बापाला तो ताताय म्हणायचा. ओठ कापला जाऊ नये म्हणून तो श्वास रोखायचा, स्वतः बापही रोखायचा. इतक्या मायेनं त्याला आयुष्यात नंतर कुणी हात लावला नाही, बायकोनंही नाही. मग पोटऱ्यांना खोबरेल, आणि मग शेवटची सूचना, ओठांवर बोट ठेवून: कोर्टवर चकार शब्द काढायचा नाही. कारण आवाज फुटला होता. पंचांना सांगितलं जायचं, पोराचा घसा बसलाय. तीन आठवडे त्याचा घसा बसलेला राहिला. चेंडू माग, नाही. पडला, लागलं, ओरडू नकोस. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यानं खऱ्याखुऱ्या बारा वर्षांच्या एका पोराला खांद्यानं बाजूला सारून चेंडू घातला आणि ते पोर जमिनीवर बसून भोकाड पसरून रडलं. तेव्हा कोच गुम्बान धावत गेला, आपल्या संघाचा जल्लोष सोडून, त्या परक्या पोराला उचललं, आपल्या टॉवेलनं त्याचं नाक पुसलं. हा प्रसंग गेल्या सात दिवसांत त्यानं अकरा वेळा ऐकला होता. दर वेळी सांगणाऱ्याचे डोळे भरून यायचे.

एप्रिल संपला. पण स्पर्धेला शाळेचा कागद लागला होता, त्यासाठी इमर्सनला शाळेत घातलेलं होतं, दोन इयत्ता खाली. मग वरच्या गटाचं आमंत्रण आलं. "अजून एक वर्ष, तोतो. तू उंच होशील." तो उंच झाला नाही. सोळाव्या वर्षी, म्हणजे कागदाच्या चौदाव्या, बाकीची पोरं त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकू लागली आणि तो बाकावर बसू लागला. नावाचं काम संपलं होतं, नाव मात्र तसंच राहिलं. त्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळे कबरस्तानात जातात तसे तेही गेले, मेणबत्त्या, चिकटभात, चटया घेऊन, आणि नव्या कप्प्यावर नवी पाटी दिसली: आरिस्तोन गुम्बान, आयुष्य सात महिने. गावात गुम्बानांचं एक मूल लहानपणी गेलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं; आता ते जिवंत फिरतंय म्हटल्यावर दुसरं कुणीतरी मरायला हवंच होतं. बापानं त्याच्या हातात चुन्याचा डबा आणि ब्रश दिला. "कडेकडेनं जा, अक्षरांवर नको," तो म्हणाला. त्यानं आपल्या नावाच्या कडेकडेनं चुना लावला. पुढे दर वर्षी लावला. वाढदिवस ऑगस्टमधून फेब्रुवारीत गेला, फेब्रुवारीतच शेवया होऊ लागल्या. त्याच नावानं बंदरावर तिकिटांच्या खिडकीत नोकरी लागली, त्याच नावानं होसेफाशी लग्न झालं. तिला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. कधीकधी ती शेजारी झोपलेली असताना त्याच्या मनात यायचं की ही एका सात महिन्यांच्या पोराची बायको आहे. मग त्याला हसू यायचं, आणि ती जागी होऊ नये म्हणून तो कुशीवर वळायचा.

गेल्या वर्षी त्यानं बापाला सांगून पाहिलं होतं. नोंदणी कचेरीत चौकशी केली होती, फॉर्म आणला होता. आईबापांपैकी एकानं शपथेवर सही करायची, एवढंच. बाप तेव्हा खाटेवर होता, पण डोकं शाबूत. त्यानं फॉर्म शेवटपर्यंत वाचला. "आणि ते विजेतेपद? पोरांनी घरोघरी फोटो लावलेत." "ताताय, तीस वर्षं झाली." "मग तर झालंच. लोक वय चोरायला किती आटापिटा करतात, तुला दोन वर्षं फुकट मिळालीत. तक्रार कसली करतोस?" आणि खरोखर विनोद केल्यासारखा तो हसला, खोकला लागेपर्यंत. "मोसम संपू दे, मग बघू." मोसम संपायच्या आधी तोच संपला.

कार्यक्रम आठला होता. आधी आठवणी, मग प्रार्थना, मग कबरस्तान. खुर्च्या भरत होत्या. बोबोय पानेस आला, डास गटातला त्याचा जोडीदार, आता नगरसेवक, पांढऱ्या कडक सदऱ्यात. त्यानं मिठी मारली, कॉफीचा कप हातात दिला. "सगळ्यांत शेवटी तू बोलायचंस हं. तू बोललास की बरांगायचा कप्तान, आपला वस्तीप्रमुख, जाहीर करणार, कोर्टाला कोचचं नाव. आपल्या विजयाचं वर्षही दगडावर कोरणार." मग आवाज उतरवून, डोळा मारून तो म्हणाला, "आठवतं ना? त्या मोसमात मी माझा मावसभाऊ होतो! आणि तो गोलरक्षकासारखा उभा राहणारा नोनोय, तो तर पंधराचा होता, शेजाऱ्याच्या पोराच्या दाखल्यावर. कोच पण काय अवलिया माणूस!"

"तो दाखला," त्यानं सावकाश विचारलं, "परत कधी केला?"

"एप्रिल संपल्या संपल्या. बाप हातात वहाण घेऊन कोचकडे गेला माझा. म्हणाला, खेळ झाला, आता माझं पोर मला परत द्या. का रे? तू पण होतास का कुणी?"

कॉफी गोड मिट्ट होती. "घसा बसलेला मी," तो म्हणाला. बोबोय मोठ्यानं हसला, भोवती लोक वळून पाहायला लागल्यावर तोंडावर हात ठेवला. म्हणजे सगळ्यांनीच केलं होतं. सगळ्यांनी उसनी नावं घेतली आणि सगळ्यांचे बाप ती वहाण दाखवून फेडून आले. फक्त त्याच्या बापाकडे वहाण घेऊन जाईल असा कुणी बाप त्याला नव्हता. इतक्या वर्षांत हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. एकतीस वर्षं तो समजत होता की आपण एका भयंकर गुपितावर बसलोय. ते गुपित नव्हतंच, लोक कॉफीबरोबर त्याच्यावर हसत होते. त्याच क्षणी त्यानं ठरवलं की आज बोलायचं. माइकवर, नाव घेऊन. दगडावर काही कोरलं जायच्या आधी.

आई कोर्टामागच्या शेडमध्ये होती. मोठ्या पातेल्यात आल्याची पेज रटरटत होती आणि वय शहात्तर असूनही ती कुणाला डाव हातात घेऊ देत नव्हती. तिनं त्याच्याकडे न बघता वाडगा भरला. "खा. उभ्या उभ्या बोलशील, चक्कर येईल."

"नानाय, पट्टीवर नावं तू दिलीस?"

"मग काय दुकानवाल्याला स्वप्न पडलं?"

"माझ्या नावापुढे क्रूस आहे."

डाव थांबला नाही. "तुझं नाव वरचं."

"तुला माहितीय मी कोण आहे. आता तुलाच माहितीय. दुसरं कुणी राहिलं नाही." त्याचा आवाज त्याला स्वतःला लहान वाटला. "फॉर्म माझ्या खिशात आहे. सही फक्त तू करायची. तातायची अब्रू मी जाऊ देणार नाही, हवं तर विजेतेपदाचं काही बोलत नाही. मला फक्त माझं नाव हवंय. मी मरेन तेव्हा माझ्या झाकणावर..."

तिनं आच कमी केली. पदर नव्हता, एप्रनच्या टोकानंच कपाळ पुसलं. मग पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, दयाही नव्हती. हिशेब समजावून देणाऱ्या बाईची ती नजर होती. "तू तर होतासच रे, तोतो. तू जेवत होतास, शाळेत जात होतास, चपला झिजवत होतास. त्याला काय मिळालं? सात महिने आणि एक डबा. तुझ्या बापाला चषक हवा होता म्हणून त्यानं तो कागद काढला. मला कुठे चषक हवा होता? पण मी बघत राहिले. इमर्सन शाळेत गेला. इमर्सनला नोकरी लागली. इमर्सनच्या लग्नात मी नाचले. तुझ्याकडून एक नावच तर घेतलं. जीव तर तुझ्याकडेच ठेवला ना?" आणि वाडग्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "निवतंय."

तेव्हा त्याला उमगलं की आईनं इतक्या वर्षांत त्याला दोन्हीपैकी एकाही नावानं हाक मारली नव्हती. तोतो, नुसतं तोतो. बापाची सवय म्हणून ती तसं म्हणत असेल असं तो धरून चालला होता. आता त्याला कळलं की ती हाक मधल्या जागेला होती, दोघांनाही लागू पडेल अशी, आणि तो ओ देत होता तेव्हा कुणी दुसराही देत असावा. त्यानं पेज संपवली. पेज चांगली झाली होती.

माइक हातात आला तेव्हा समोर चारशे माणसं असतील. पिवळ्या बनियनमधली पोरं पुढे मांडी घालून, प्रत्येकाच्या मांडीवर चेंडू. त्यांच्यामागे होसेफा, रुमाल तोंडाशी धरून. आई पेटीशेजारी, हातात जपमाळ. बोलायला उभं राहिल्यावर घसा खरोखरच बसला. ओठांवर कुणीतरी बोट ठेवल्यासारखं झालं, वरच्या ओठाला साबणाचा गारवा लागला. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "माझं नाव आरिस्तोन."

"मी मेलेलो नाही," तो म्हणाला. "तुम्ही सगळे समजता मी सात महिन्यांचा असताना गेलो. मी गेलो नाही. मी इथंच होतो, तुमच्यात. ताताय, तुम्ही म्हणालात एका मोसमापुरतं. तुम्ही मला गप्प राहायला सांगितलंत आणि मी राहिलो. माझ्या कबरीला मी चुना लावला. ताताय, मोसम संपला. आता माझं नाव मला परत द्या."

आधी एक हुंदका आला, उजवीकडून. मग दुसरा. त्यानं डोळे उघडले. बोबोय पानेसचा चेहरा भिजून गेला होता. बायका एकमेकींचे हात धरत होत्या. मागे कुणीतरी म्हणालं, "बघा, गेलेल्या भावाच्या तोंडून बोलतोय," आणि ते वाक्य ओळीओळीनं पुढे सरकत आलेलं त्यानं पाहिलं. "नाही," तो माइकमध्ये म्हणाला, "ऐका, मी खरंच आरिस्तोन आहे, मी स्वतः—" पण पोरांनी चेंडू जमिनीवर आपटायला सुरुवात केली होती, एका तालात, कोचला मानवंदना म्हणून, आणि त्या आवाजावर टाळ्या पडल्या. त्यानं आणखी दोनदा सांगितलं. जितक्यांदा सांगितलं तितकी माणसं जास्त रडली. होसेफा पुढे आली, त्याच्या गळ्यात पडली. "किती सुंदर बोललास," ती कानाशी म्हणाली. "तुझ्या भावावर तू एवढा जीव लावला होतास, मला कधी सांगितलं नाहीस." कप्तानानं अलगद त्याच्या हातातून माइक काढून घेतला. अशा बापाच्या पोटी असेच मुलगे जन्मतात, तो म्हणाला, एक जिवंत आणि एक अमर, आणि मग कोर्टाचं नाव जाहीर झालं. त्या गदारोळात त्यानं आईकडे पाहिलं. या चारशे माणसांत ती एकटीच रडत नव्हती. ती उठून उभी राहिली असती, नुसतं हो म्हणाली असती, तरी पुरे होतं. ती पट्टीकडे पाहत होती. क्रूस किंचित तिरपा झाला होता. मग ती उठली, सकाळच्याच स्टुलावर चढली आणि तिनं तो सरळ केला.

कबरस्तानात अकराचं ऊन भिंतींवरून अंगावर येत होतं. गवंड्यानं कप्प्याची जुनी पाटी उकलून बाजूला ठेवली होती आणि आतला बिस्किटांचा डबा बाहेर काढून गवतावर ठेवला होता. पेटी आत सरकवायची आणि मग जुनी हाडं पायाशी ठेवायची, रीतच तशी. डब्यावरची चित्रं गंजानं खाल्ली होती. पेटी आत गेली, दोरखंड ओढून घेतले गेले. गवंडी थापी हातात घेऊन थांबला. "हे बाळ कुणाचं? नव्या पाटीवर दोन्ही नावं टाकायची ना, नानाय?"

"हो. माझा थोरला," आई म्हणाली. "आरिस्तोन." मग ती वाकली, डबा उचलला, एप्रन नव्हता म्हणून बाहीनंच त्याच्यावरची माती पुसली. तिनं तो छातीशी धरला नाही. दोन्ही हातांनी समोर केला. भोवती लोक होते, पण हाक तिनं मोठ्यानं मारली, एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि ती मारताना तिचा चेहरा कसा उजळला ते सगळ्यांनी पाहिलं.

"इमर्सन," ती म्हणाली, "हे घे. पायाशी ठेव. नीट, हलू देऊ नकोस."

तो उभा राहिला. गवंडी थांबला होता, सिमेंट सुकत होतं. होसेफानं त्याच्या पाठीला हलकेच हात लावला.

"हो, नानाय," इमर्सन म्हणाला, आणि डबा घेऊन आत वाकला.